विलीला त्याची आई ओळखेल का?

मुलं खाली वडापाव खायला गेली आहेत, म्हणजे आपल्या हाताशी पाऊण तास आहे. त्यांच्यादेखत जे सांगवत नाही ते तेवढ्यात सांगून टाकतो.

आत्ता शेवटची उडी आली तेव्हा तुम्ही सगळे पडद्याकडे बघत होतात. मी मुलांकडे बघत होतो. ‘फ्री विली’ हा टाकीत कोंडलेल्या विली नावाच्या ऑर्काचा, म्हणजे एका मोठ्या सागरी प्राण्याचा सिनेमा मी शाळाशाळांतून इतक्यांदा दाखवलाय की पडद्यावरचं सगळं पाठ झालंय. मुलांच्या चेहऱ्यांवर जे चालतं ते मात्र दर खेळाला नवं असतं. त्यातला मुलगा, जेसी, दगडी बांधाच्या टोकाशी उभा राहतो, हात वर करतो आणि ते काळंपांढरं धूड त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या समुद्रात जातं. तेवढा वेळ एकही पोर खुर्चीला टेकलेलं नसतं. आणि आपण मोठी माणसं अचानक चष्मा पुसायला घेतो.

पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका खेळानंतर तिसरी-चौथीतली एक मुलगी माझ्याकडे आली. बाकीची मुलं हात वर करून बाकांवरून उड्या मारत होती, ही एकटी गंभीर. मी वायरी गुंडाळत होतो. म्हणाली, “सर, त्याची आई त्याला ओळखेल का?” मी मान वरही न करता म्हटलं, “ओळखेल की! आई आहे ती.” तिचं समाधान झालं, ती गेली. उत्तर मी चक्क ठोकून दिलं होतं. घरी आल्यावर ते टोचायला लागलं, म्हणून शोधू लागलो, आणि मग जे सापडत गेलं ते काही सोपं नव्हतं. आजचं हे बोलणं म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

उशिरा आलात त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सिनेमा १९९३ चा, दिग्दर्शक सायमन विन्सर. जेसी हा बारा वर्षांचा मुलगा. आई त्याला सोडून गेलेली, हा रस्त्यावर वाढणारा, चोऱ्यामाऱ्या करणारा. एका रात्री तो मत्स्यालयात घुसून भिंती रंगांनी बरबटवतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून त्याच भिंती घासायला लागतो. काचेपलीकडे विली. हा विलीही कुणाचं ऐकत नाही, शिकवलेलं करत नाही, दिवसभर फुरंगटलेला. रात्री जेसी खिशातून माउथ ऑर्गन काढून वाजवतो आणि ते धूड हळूच काचेशी येतं. पुढचं तुम्ही पाहिलंच.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. विलीचं कुटुंब मत्स्यालयाजवळच्याच खाडीत फिरत असतं. त्याला हाका मारत असतं. मध्ये फक्त माणसांनी उभी केलेली भिंत. आणि जेसीही आपली आई येईल म्हणून थांबलाय. त्याला ज्या जोडप्याकडे ठेवलंय ते चांगलं आहे, पण तो त्यांच्याशी धड बोलत नाही, कारण त्यांना जवळ केलं तर आईची वाट बघणं संपलं असं होईल. म्हणजे त्या मुलीने विचारलेला प्रश्न मूळचा जेसीचाच होता. ‘माझी आई मला ओळखेल का’ हे तो कुणालाच विचारू शकत नाही, म्हणून विलीला त्याच्या आईकडे पोचवतो. हे पटकथेतलं कसब मला आजही फार आवडतं. बाकी तो विम्याच्या पैशांसाठी टाकीला गळती लावणारा मालक वगैरे, ते सगळं साचेबंद. खलनायक हवा म्हणून आणलेला.

शाळेत दाखवताना मी सिनेमा एकाच जागी थांबवतो. विलीच्या पहिल्या खेळाचा दिवस. वर गॅलरी भरलेली, खाली पाण्याखालच्या काचेशी मुलांची झुंबड. मुलं काच बडवतात. कुणाच्या मनात वाईट काही नाही, खुशीत बडवतायत. आत विली सैरभैर होतो. वर जेसी हातवारे करतोय, हा येतच नाही. तिथे चित्र थांबवून मी विचारतो, “विलीला त्रास कोण देतंय?” आधी सगळे मालकाचं नाव घेतात. मग कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणतं, “सर, आम्ही पण राणीच्या बागेत असंच करतो.” यानंतर मला काही शिकवावं लागत नाही. मी पुन्हा सिनेमा सुरू करतो.

आता खऱ्या विलीकडे वळतो. आपण मराठीत पाण्यातल्या सगळ्या मोठ्या जिवांना देवमासा म्हणून मोकळे होतो. पण ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यांत थोरला. आणि सिनेमात विली झाला त्याचं नाव केको. आइसलँडजवळच्या समुद्रात १९७९ साली त्याला पकडलं तेव्हा तो साधारण दोन वर्षांचा होता. दोन वर्षांचा ऑर्का म्हणजे अजून आईच्या पंखाखालचं बाळच. आधी आइसलँडमधल्या मत्स्यालयात ठेवला, तिथून कॅनडातल्या एका उद्यानात विकला, आणि १९८५ मध्ये मेक्सिको सिटीतल्या रेइनो आवेंतुरा या करमणूक उद्यानाने साडेतीन लाख डॉलर मोजून त्याला घेतलं.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. थंड समुद्रातला प्राणी उन्हाळी डोंगरावरच्या टाकीत, मीठ कालवून खारं केलेल्या कोमट पाण्यात. टाकी मुळात लहान डॉल्फिनसाठी बांधलेली. कातडीवर विषाणूचे चामखीळ आले, पाठीवरचा पर एका बाजूला लवंडलेला. सोबतीला डॉल्फिन होते, पण त्याच्या जातीचं दुसरं कुणीही नाही. सिनेमात विलीची टाकी म्हणून जी दिसते, ती हीच. सेट नव्हे. जेसी ज्याच्यावर चिडतो तो तुरुंग पडद्यावर खराखुरा होता, आणि शूटिंग संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले, केको तिथेच राहिला. आपण ज्या उडीला टाळ्या वाजवतो ती त्याने मारलेलीच नाही. ती यांत्रिक प्रतिकृती आणि कॅमेऱ्याची करामत.

सिनेमाच्या अखेरीला एक फोन नंबर येत असे, व्हेलना वाचवायचं असेल तर या नंबरावर फोन करा म्हणून. मुलांनी केले फोन. मग वर्तमानपत्रं-मासिकांतून बाहेर आलं की पडद्यावर सुटलेला विली प्रत्यक्षात त्याच टाकीत कुजतोय. पोरं खवळली. पत्रं, खाऊचे पैसे, शाळाशाळांतून वर्गणी. स्टुडिओवर दडपण आलं, त्यांनीही पैसे घातले, एका उद्योगपतीने मोठी रक्कम दिली, केकोच्या नावाने संस्था उभी राहिली आणि उद्यानाने केकोला देऊन टाकलं. सिनेमा बघून मुलांनी केलेल्या हट्टापायी एवढी माया जमल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. हिशोबाची गंमत बघा. सिनेमा काढायला दोन कोटी डॉलर लागले असं सांगतात. आणि त्या सिनेमातला प्राणी खरोखर सोडायला त्याहून कमी लागले नाहीत.

जानेवारी १९९६ मध्ये त्याला एका भल्यामोठ्या पेटाऱ्यात, गार पाणी आणि बर्फात ठेवून मालवाहू विमानाने अमेरिकेतल्या ऑरेगनला नेलं. न्यूपोर्टच्या मत्स्यालयात त्याच्यासाठी नवं तळं बांधलं होतं, त्यात खरं समुद्राचं पाणी. तिथे कातडी सुधारली, टनाच्या आसपास वजन वाढलं. मेलेली मासळी हातून खाण्याची सवय लागलेल्या जनावराला जिवंत मासा पकडायला शिकवावं लागलं. सप्टेंबर १९९८ मध्ये लष्करी विमानातून त्याला आइसलँडला, वेस्टमन बेटांतल्या हेइमाए बेटावर नेलं. उतरताना विमानाच्या चाकांचा सांगाडा मोडला. केकोला काही झालं नाही. उंच कड्यांनी वेढलेल्या क्लेट्सविक नावाच्या खाडीत जाळ्याचा वाडा करून त्याला ठेवलं. एकोणीस वर्षांनी तो आपल्या पाण्यात आला.

इथे मला थोडं आडवळणाला जायचंय, कारण त्या बेटावरची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हेइमाएवर पफिन नावाचे पक्षी लाखांनी राहतात. रंगीत चोचीचे, गोलमटोल, कड्यांवरच्या बिळांत. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांची पिल्लं बिळाबाहेर पडतात, रात्रीच्या वेळी, आणि समुद्राकडे जायचं सोडून गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यांवर येऊन पडतात. तिथून त्यांना उडता येत नाही. मांजरं टपलेली, गाड्या धावतायत. तेव्हा त्या गावातली मुलं उशिरापर्यंत जागून, विजेऱ्या घेऊन, गाड्यांखाली आणि गोदामांच्या मागे शोधत फिरतात. सापडलेलं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून घरी नेतात. सकाळी खोकं घेऊन कड्याशी जातात, पिल्लू दोन्ही हातांत धरतात आणि जोर लावून समुद्राच्या दिशेने हवेत भिरकावून देतात. ते पंख फडफडवत जातं. मूल रिकामं खोकं घेऊन शाळेत जातं. पिढ्यान् पिढ्या हे चाललंय.

एका रात्रीचा पाहुणा. नाव ठेवायलाही पुरेसा वेळ नाही.

आणि त्याच बेटावर, त्याच सप्टेंबरात, जगातल्या सगळ्यांत लाडक्या ऑर्काला आणून ठेवलं, ज्याला एकोणीस वर्षं माणसांनीच खाऊ घातलं होतं, चोळलं होतं, शिट्टीवर नाचवलं होतं. त्याला भिरकावून देणं कुणालाच जमणार नव्हतं.

प्रयत्न प्रामाणिक झाले, हे आवर्जून सांगतो. २००० सालापासून त्याला नावेमागून खुल्या समुद्रात फिरायला नेत. जंगली ऑर्का दिसले की नाव लांब थांबे. केको त्यांच्याकडे जाई, कडेकडेने राही. जत्रेत नव्याने आलेल्या पोरासारखा. पण त्यांच्यातला तो झाला नाही. नावेचं इंजिन ऐकू आलं की परत. २००२ च्या उन्हाळ्यात तो काही आठवडे खरोखर लांब गेला. उपग्रहाला दिसेल असं यंत्र पाठीवर होतं. तो पूर्वेला निघाला आणि दीडेक हजार किलोमीटर पोहून सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉर्वेच्या हाल्सा गावाजवळच्या खाडीत पोचला. वाटेत उपाशी राहिला असावा अशी अंगलट नव्हती, म्हणजे स्वतःचं पोट त्याने भरलं असणार. सगळ्यांना वाटलं, जमलं!

खाडीत शिरल्यावर त्याने काय केलं? एका मासेमारी नावेमागून किनाऱ्याला आला. बातमी पसरली. गावोगावची मुलं आली, पाण्यात उतरली, त्याच्या पाठीवर बसली. तोही खूश. एवढा समुद्र ओलांडून तो पोचला कुठे, तर मुलांपाशी. सरकारला हुकूम काढावा लागला की त्याच्याजवळ जायचं नाही. पुढे त्याला टाकनेस नावाच्या जरा निवांत खाडीत नेलं. तिथे तो मोकळा होता, जाळं नव्हतं, भिंत नव्हती. सांभाळणारी माणसं काठावर राहत. १२ डिसेंबर २००३ ला न्यूमोनियाने तो गेला. साधारण सत्तावीस वर्षांचा. काठावरच बर्फात त्याला पुरलं. नंतर मुलांनी तिथे एकेक दगड आणून ठेवला, त्याची रास झाली.

आता यावर दोन तट आहेत. ज्या शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रवासाच्या नोंदी तपासून २००९ मध्ये लेख लिहिला त्यांचं म्हणणं सरळ आहे, की हा प्रयोग फसला. तो जंगली कळपात मिसळला नाही, माणसाची सोबत त्याला सुटली नाही. कारण तेही तुमच्या-माझ्यासारख्याला कळेल असंच देतात. फार लहानपणी पकडलेला, फार वर्षं बंदिवासात, आणि सोबतीला जातभाई नाहीत. दुसरा तट म्हणतो, फसला कसा? टाकीत राहता तर कधीच मेला असता. पाच वर्षं त्याने खरा समुद्र पाहिला, वादळं पाहिली. हवं तिकडे गेला. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूने मत देईन. पण त्या मुलीने ‘तो सुखी झाला का’ असं विचारलंच नव्हतं. तिचा प्रश्न आईचा होता. त्याला उत्तर असं, की केकोचं कुटुंब कोणतं हेच कधी ठरवता आलं नाही. ओळखायची वेळच आली नाही.

मी इथवर शोधून थांबलो असतो तर आजचं व्याख्यान रडगाणं झालं असतं. पण त्याच वर्षी, २००२ सालीच, जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे, कारण तिच्यावर कुणी ‘फ्री विली’ काढला नाही.

जानेवारी २००२. अमेरिकेतल्या सिएटल शहराजवळ, जिथून फेरीबोटींची सारखी ये-जा असते, त्या पाण्यात ऑर्काचं एक एकटं पिल्लू दिसायला लागलं. दीड-दोन वर्षांची मादी. अंगावर खरूज, पोटात जंत, आणि श्वासाला रंगात घालायच्या थिनरसारखा वास, म्हणजे शरीर उपासमारीने स्वतःलाच खात होतं. ती नावांशी लगट करायची, तरंगणाऱ्या ओंडक्याला अंग घासत राहायची. लोक अर्थातच तिच्या प्रेमात पडले.

ही कुणाची, हे कळलं तिच्या आवाजावरून. आपण म्हणतो ना, बारा कोसांवर भाषा बदलते. ऑर्कांचं तसंच आहे. प्रत्येक कुटुंबाची हाकांची आपली बोली असते, पिल्लू ती आईकडून शिकतं. कॅनडाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पाण्यात माइक सोडून या बोली टिपून ठेवणारी माणसं आहेत. त्यांना या पोरीचा आवाज ऐकवला. गाडीत शेजारी बसलेला माणूस एक वाक्य बोलला की आपण ओळखतो, हा मालवणकडचा, हा वऱ्हाडातला. तशी त्यांनी तिची बोली ओळखली. ही इथली नाहीच, उत्तरेकडच्या एका कुटुंबाची. आई दिसेनाशी झालेली, म्हणजे मेलेली. वाट चुकून पोर शेकडो किलोमीटर दक्षिणेला आली होती. तिचं नाव स्प्रिंगर.

जूनमध्ये तिला पकडून जाळ्याच्या वाड्यात ठेवलं, औषधपाणी केलं. इथे त्या माणसांनी जे केलं त्याला मी हात जोडतो. ती गोड होती, माणसाळलेली होती, आणि त्यांनी ठरवून तिच्याशी मैत्री केली नाही. खायला कोण घालतंय हे तिला दिसू नये अशी व्यवस्था केली. खेळणं नाही, कुरवाळणं नाही, लागेल तेवढाच स्पर्श. महिनाभरात ती बरी झाली. जुलैत वेगवान बोटीने तिला कॅनडातल्या तिच्या कुटुंबाच्या उन्हाळी पाण्यात नेलं. तिथल्या नामगिस या आदिवासी समाजाच्या कोळ्यांनी तिच्या वाड्यात जिवंत सॅमन आणून सोडले, माहेरवाशिणीला घालावेत तसे. दुसऱ्याच दिवशी तिच्या बोलीचा कळप समोरून जाताना दिसला. ती जाळ्याशी येऊन जोरजोरात ओरडायला लागली. दार उघडलं.

लगेच गळाभेट झाली असं नाही. दोन-तीन दिवस ती लांबून मागे मागे होती, मध्येच सवयीने एखाद्या नावेकडे वळायची. कळपातल्या एका तरुण मादीने तिला जवळ केलं, नावेकडे गेली की मध्ये आडवी येऊन तिला परत वळवायला लागली. आपल्याकडे म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. ती ज्याने रचली त्याला ऑर्का ठाऊक असायचं कारण नाही. २०१३ मध्ये स्प्रिंगर स्वतः पिल्लू घेऊन दिसली. २०१७ मध्ये दुसरं.

म्हणजे आईने नव्हे, पण गोताने ओळखलं. केकोला ज्या उन्हाळ्यात नॉर्वेची मुलं भेटली, त्याच उन्हाळ्यात. वय सारखं नव्हतं, हे खरं. स्प्रिंगर माणसांच्या ताब्यात महिनाभर होती, केको तेवीस वर्षं. तुलना अगदी न्याय्य नाही, पण दोन्ही कहाण्या एकत्र ठेवल्या की सिनेमात जी गोष्ट सगळ्यांत गोड वाटते तिच्याकडेच बोट जातं. माउथ ऑर्गन. काचेला लावलेला हात. जिभेवर फिरवलेली बोटं. मूल आणि प्राणी यांच्यातली ती मैत्री हीच भिंत होऊन बसते, आणि ही भिंत उडी मारून ओलांडता येत नाही. त्याच काळात कॅनडात लूना नावाचा आणखी एक एकटा पडलेला ऑर्का होता. त्याच्याशी सगळ्यांनीच दोस्ती केली. तोही नावांशी खेळायचा. २००६ मध्ये एका टगबोटीच्या पंख्यात सापडून मेला.

तुमच्यातल्या काहींच्या ओठावर आता हेमलकशाचं नाव आलं असणार. प्रकाश आमटेंच्या अंगाखांद्यावर खेळणारे बिबटे, अंगणात अस्वलं, त्यांतच वाढलेली घरातली मुलं. आपण मराठी माणसांनी मूल आणि जंगली प्राण्याच्या मैत्रीचं चित्र आधी तिथलंच पाहिलंय. पण आमटे त्याला अनाथालय म्हणतात, हा शब्द विसरू नका. आदिवासींनी पोटासाठी शिकार केलेल्या प्राण्यांची ती उरलेली पिल्लं. ज्याला परत जायला आई राहिलेली नाही त्याला आसरा, एवढाच त्याचा अर्थ. फोटो बघून आपल्याला वाटतं, आपल्याकडेही एक असावा. तिथेच घोटाळा होतो.

त्यापेक्षा मला जुन्नरचं उदाहरण जवळचं वाटतं. तुमच्यातले काही त्या बाजूचे असतील. तिथे बिबट्याच्या मैत्रीचा सिनेमा दाखवायला मला जीभ रेटत नाही, कारण ज्या घरातलं मूल अंगणातून गेलं त्या घरासमोर असलं काही बोलू नये. तो राग खरा आहे. पण त्याच ऊसपट्ट्यात, तोडणीच्या दिवसांत, दर हंगामाला एक प्रसंग घडतो. बिबटीण उसातच विते. डोंगरात नव्हे, उसात. तोडणी पुढे सरकत जाते, फड उघडा पडत जातो आणि पाचटात मांजराच्या पिल्लाएवढी दोन-तीन पिल्लं सापडतात. डोळे धड उघडलेले नाहीत. आई जवळपास कुठेतरी, दिवसा येऊ शकत नाही.

कोयता थांबतो. टोळीतली पोरं आधी पोचलेली असतात, कारण ती फडातच वाढतायत. कुणीतरी पिल्लू उचलून छातीशी धरतं, कुणीतरी मोबाइल काढतं. मग वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर येतात. पिल्लं तपासतात, गोचिडं काढतात, नर की मादी बघतात. आणि संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागेवर, प्लॅस्टिकचा क्रेट ठेवतात. तोच, टोमॅटो बाजारात नेतात तो. त्यात पिल्लं. शेजारी खुंटीला कॅमेरा. आणि सगळ्यांना तिथून घालवतात. पोरांना जायचं नसतं, “रात्री आम्ही लांबून बघतो ना साहेब.” नाही म्हणजे नाही.

जुन्नरकडच्या एका दोस्ताने मला अशा एका रात्रीचं चित्रण दाखवलं. काळंपांढरं, धुरकट, आवाज नाही. बराच वेळ नुसता क्रेट. मग कडेने ती येते. सरळ येत नाही, एक फेरी घालते. क्रेटला नाक लावते. आतलं पिल्लू तोंड उघडतं, आवाज ऐकू येत नाही पण ओरडतंय हे कळतं. माणसांचे किती हात त्याला लागलेत, त्या सगळ्यांचा वास घेत असल्यासारखी ती थांबते. मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. मग मानेला धरून उचलते आणि उसात जाते. क्रेटमध्ये दुसरं राहिलेलं असतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे जातं. ती परत येते. या वेळी फेरी घालत नाही.

जिना वाजतोय, मुलं वर येतायत. खुर्च्या जरा मागे घ्या, त्यांना पुढे बसू द्या.